दूध कुणाच्या वाटीत

आमच्या गावाकडं न्याहारी घड्याळ पाहून होत नसे. पहाटे धारा निघत, चुलीवर चहा उकळे, तो पोटात ढकलून माणसं शेताची वाट धरत. ऊन पाठीवर आलं, पहिलं काम हातावेगळं झालं, की बांधावर फडकं सुटे. त्यात दोन-तीन भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा, कधी पिठलं. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांची आणि पोरांची न्याहारी वेगळी असे. रात्रीची भाकरी जर्मनच्या वाटीत कुस्करायची, वरून तापवलेलं दूध ओतायचं, सोबत गुळाचा खडा. भाकरी दूध पिऊन फुगेपर्यंत थांबायचं असतं, पण तेवढा धीर कुणाला नसे. कळंब तालुक्यातल्या त्या गावात या खाण्याला कुणी पौष्टिक म्हटलेलं मला आठवत नाही. ते खाणं होतं, एवढंच.

आता मी धाराशिव शहरात राहतो आणि माझी न्याहारी आठच्या ठोक्याला टेबलावर येते. बहुतेक दिवशी पोहे, उपीट, नाहीतर आपल्या मराठवाड्याची हक्काची, मुरमुऱ्यांची सुशीला. मध्ये पुण्याहून भाची आली, तिनं पिशवीतून एक जाड पाकीट काढलं. "मामा, रोज पोहेच खाताय तुम्ही. हे दुधात टाकून बघा एकदा. लय पौष्टिक असतंय." पाकिटात ग्रॅनोला होता. मधात चिकटून भाजलेले ओट्सचे गोळे, बदामाचे काप, भोपळ्याच्या बिया आणि वाळवलेल्या क्रॅनबेरी. तिनं त्यावर गार दूध ओतलं आणि बाजारातून आणलेल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी चिरून पसरल्या. चव चांगली होती, हे आधीच सांगतो. परकं आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. मला पाकिटाची मागची बाजू वाचायची खोड आहे आणि त्या बाजूनंच मला पुढं कुठल्या कुठं नेलं.

ओट्सच्या बाजूनं बोलायला पुष्कळ आहे. शंभर ग्रॅम ओट्समध्ये तेरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि दहा ग्रॅमच्या आसपास चोथा असतो. त्या चोथ्यातला बीटा-ग्लुकन नावाचा चिकट भाग रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल खाली आणायला मदत करतो. दिवसाला त्याचे तीन ग्रॅम पोटात गेले तर हृदयाला फायदा होऊ शकतो, असं ओट्सच्या पाकिटावर छापायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ मध्ये परवानगी दिली. आपल्या ज्वारीत हा गुण त्या प्रमाणात नाही, ते मान्य करावं. पण ओट्स वेगळे आणि ग्रॅनोला वेगळा. ग्रॅनोला करताना ओट्सला तेल आणि मध किंवा साखर चोळतात आणि भट्टीत भाजतात. पाणी उडतं, कुरकुरीतपणा येतो आणि शंभर ग्रॅममागं साडेचारशेच्या वर कॅलरी भरतात. बाजारातल्या कित्येक पाकिटांत साखर पाचव्या हिश्शाच्या घरात असते. आपल्याकडच्या नियमानुसार पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. म्हणून ओट्सनंतर लगेच साखर, मध किंवा ग्लुकोजचा पाक दिसला की काय समजायचं ते समजावं. दिवसभरात वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं. पाकिटावर एका वेळचं प्रमाण तीस-चाळीस ग्रॅम लिहिलेलं असतं. भरल्या वाटीत त्याच्या दुप्पट सहज बसतं, आणि सहा चमच्यांतले निम्मे चमचे सकाळीच संपतात.

हा पदार्थ जन्मला कुठं, तर आरोग्यधामात. न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथं जेम्स केलेब जॅक्सन नावाचे डॉक्टर पाण्याच्या उपचारांचं आरोग्यधाम चालवत. १८६३ मध्ये त्यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या कडक वड्या भाजून, फोडून, पुन्हा भाजून एक पदार्थ केला. तो इतका टणक असे की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय चावता येत नसे. पुढं मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात जॉन हार्वे केलॉग यांनी तसलाच पदार्थ काढला आणि त्याचं नाव ग्रॅनोला पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला बिर्चर-बेनर या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांना भिजवलेले ओट्स, किसलेलं सफरचंद आणि सुकामेवा द्यायला सुरुवात केली, तीच आजची म्यूस्ली. या तिन्ही डॉक्टरांचे रुग्ण सर्वसाधारणपणे खाऊनपिऊन सुखी घरचे होते. सकाळीच मांस, चरबी, पांढरा पाव खाऊन पोट बिघडलेली ही माणसं, त्यांना जाड धान्याकडं वळवायचं होतं. थोडक्यात, ही वाटी जास्त खाणाऱ्यांसाठी मांडलेली होती.

आमच्या जिल्ह्यालाही बाहेरून एक भाजलेलं, गोड, दाट पोषणाचं खाणं मिळालं होतं, पण उलट्या कारणासाठी. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर सुकडी वाटली जाई. भाजलेल्या धान्याचा तो गोड भुगा ओंजळीत घेऊन लोक खात. त्याच दिवसांत रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी कशी लागे, हे आमच्या घरातली जुनी माणसं तोंड वाकडं करूनच सांगत. खडी फोडणाऱ्या माणसाला एका ओंजळीत जितकी ताकद बसेल तितकी हवी होती. बसून काम करणाऱ्या माझ्यासारख्याला तीच दाटी नडते. सुकडी आणि ग्रॅनोला हे तसे एकाच जातीचे पदार्थ, दोन्हींत धान्य, गोडी आणि उष्मांक ठासून भरलेले. एका ओंजळीनं माणूस तगला, दुसऱ्या वाटीनं पँटचं बटण तटतं. म्हणून एखादा पदार्थ पौष्टिक आहे का, हे खाणाऱ्याकडं न बघता सांगताच येत नाही. त्याला दिवसभर काय करायचंय आणि त्यानं आदल्या रात्री काय खाल्लंय, हे आधी विचारावं लागतं.

भाची गेल्यावर मी एका संध्याकाळी कागद घेऊन आमच्या जुन्या वाटीचा हिशेब मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत हे आकडे सापडतात. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅम प्रथिनं, दहा ग्रॅम चोथा, पावणेदोन ग्रॅम स्निग्धांश, चार मिलिग्रॅमच्या आसपास लोह. समजा पन्नास ग्रॅम ज्वारी भरडून तिच्या कण्या शिजवल्या, त्यावर पेलाभर गाईचं दूध ओतलं, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि लहानसा गुळाचा खडा घातला. पाच ग्रॅम प्रथिनं ज्वारीची, साडेसहाच्या आसपास दुधाची, साडेतीन शेंगदाण्याची, अशी एकूण पंधरा ग्रॅम. दिवसभरात लागणाऱ्या हजार मिलिग्रॅम कॅल्शियमचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या दुधातून आला. कॅलरी चारशेच्या आसपास आणि वरची साखर दोन चमचे गुळाएवढी. दूध घातलेला ग्रॅनोला या हिशेबात मागं नाही, पण पुढंही नाही.

अशा वाट्या आपल्याकडं किती तऱ्हांच्या होत्या. सातूचं पीठ घ्या. गहू आणि डाळं भाजून, जिरं-सुंठ घालून दळायचं आणि उन्हाळ्यात दुधा-गुळात कालवून खायचं. धान्य आणि डाळ एकत्र आली, भाजल्यामुळं टिकाऊ झाली, प्रवासात शिजवायची गरज उरली नाही. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या घ्या. तेलाचा थेंब न लावता धान्य उमलतं, दुधात टाकलं की कुरकुरतं. कण्या दुधात खा नाहीतर ताकात. एकट्या ज्वारीत एक उणीव आहे. लायसिन नावाचा प्रथिनांचा घटक तिच्यात कमी असतो आणि शिजवल्यावर तिची प्रथिनं पचायलाही जरा जड होतात. दुधात आणि हरभऱ्यात लायसिन भरपूर असतं. वाटीत ती शेजारी बसली की ज्वारीचं अडलेलं प्रथिन अंगी लागतं.

बेरीची जागा आमच्याकडं बोराची. मार्गशीर्ष-पौषात बांधावरच्या बोरी लगडत, पोरांचे खिसे भरत. संक्रांतीला बाळाला बोरन्हाण घालत, भोगीच्या भाजीत हरभरा, गाजर, वांगं यांच्यासोबत बोरं पडत आणि शेजारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी येई. निळ्या ब्लूबेरीच्या शंभर ग्रॅममध्ये क जीवनसत्त्व दहा मिलिग्रॅमच्या आसपास असतं. आपलं बोर तिच्या कितीतरी पुढं आहे, साठीच्या घरात. स्ट्रॉबेरी बोराच्या तोडीची, आणि पेरू या सगळ्यांना मागं टाकतो, कारण त्यात दोनशेच्या वर. ब्लूबेरीचं कौतुक होतं ते तिच्या जांभळ्या रंगद्रव्यासाठी. ते जांभळातही आहे, आणि त्याचा पुरावा जीभ दिवसभर दाखवते.

क जीवनसत्त्वाचं महत्त्व न्याहारीत वेगळं आहे. धान्यातलं लोह आतड्यांत सहज शोषलं जात नाही. धान्याच्या सालीतलं फायटेट त्याला धरून ठेवतं. आंबट फळ सोबत आलं की ते सुटतं. चहातलं टॅनिन मात्र त्याला पुन्हा बांधून टाकतं आणि दुधातलं कॅल्शियमही थोडी अडवणूक करतं. म्हणजे वाटीतले सगळेच एकमेकांचे मित्र नसतात. दुधानं हाडांचं भलं केलं तरी लोहाचं काम अवघड करून ठेवलं आणि बोरानं ते थोडं सोपं केलं. बांधावरची भाकरी, तिच्यासोबत कच्चा कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर चार बोरं हे लोहासाठी दूध-भाकरीहून सरस खाणं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या चोपन्न टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. प्रौढ बाईला दिवसाला एकोणतीस मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआर सांगते. बिस्किटाचा पुडा आणि त्यावर कोरा चहा, ही आज आमच्याकडच्या कितीतरी बायकांची पहिली न्याहारी आहे. त्यात लोह जवळजवळ नाही आणि जे आहे ते चहा अडवून धरतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की हा माणूस आता आपल्या पूर्वजांच्या आहाराची आरती ओवाळणार. तसं नाही. पूर्वजांच्या आहाराला एक काळी बाजू होती आणि ती आमच्याच भागात सापडली होती. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पेलाग्रा या रोगाविषयी लिहिलं. मान, हात, पाय असे उघडे भाग काळेखरखरीत होतात, जुलाब लागतात, मन खचतं, प्रसंगी भ्रम होतो. जगात हा रोग मका खाणाऱ्या गरिबांचा म्हणून ओळखला जाई. दख्खनच्या पठारावर तो ज्वारी खाणाऱ्या गरिबांत दिसला. ज्वारीतल्या ल्यूसिनच्या अतिरेकाकडं या दोघांनी बोट दाखवलं. त्या कारणावर पुढं बराच वाद झाला, पण रुग्ण कोण होते यावर वाद नव्हता. वर्षभर तिन्ही वेळा ज्वारी आणि ज्वारीच, सोबत मिरची-मीठ, एवढंच ज्यांच्या नशिबी होतं ती ही माणसं. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिलं होतं, की दूध, अंडी, मांस मिळालं तर पेलाग्रा होतच नाही. म्हणजे औषध जवळच होतं. ते गोठ्यात बांधलेलं होतं, पण सालगड्याच्या गोठ्यात नव्हतं.

ही गोष्ट कळली आणि माझ्या लहानपणची ती जर्मनची वाटी मला वेगळी दिसू लागली. दूध-भाकरी हे आमच्या गावाचं खाणं होतं, असं मी सहज म्हणतो. खरं तर ज्यांच्या दारात जनावर होतं त्यांचं ते खाणं होतं. त्या घरातही आधी म्हातारे, मग पोरगे, मग शेतावर जाणारा गडी, आणि पातेल्याची खरवड राहिली तर सुना. आमच्या आजीनं दूध प्यालेलं मला आठवत नाही. ती साय काढी, विरजण लावी, ताक घुसळी, लोणी कढवी. तिच्या वाट्याला आलं ते ताक. ज्वारीला दुधाची जोड हवी हे शास्त्र घराघरांत कृतीत होतं, पण ती जोड कुणाला मिळायची हे शास्त्र ठरवत नव्हतं.

आज दूध वाढलं आहे, तरी वाट बदललेली नाही, उलट लांबली आहे. भूम, वाशी, परंडा हा बालाघाटाच्या डोंगरकुशीतला भाग खव्यासाठी प्रसिद्ध. पाऊस बेताचा, जमीन हलकी, त्यामुळं घराला आधार दुभत्या जनावराचा. पूर्वी दुधाला शहरापर्यंत ताजं पोचायची सोय नव्हती, म्हणून ते भट्टीवर आटवायचं. पाच लिटरच्या आसपास दुधाचा किलोभर खवा होतो, तो दुधासारखा लगेच नासत नाही, गाडीत चढतो आणि सणासुदीला मोठ्या शहरांत जातो. कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र, १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी जिथं सल्लेखना घेतली ते, आज महामार्गावरच्या प्रवाशांना पेढ्यामुळं ठाऊक असतं. आम्हीही पाहुण्यांना कुंथलगिरीचा पेढा अभिमानानं देतो आणि द्यावाच. पण एक किलो खवा म्हणजे पंचवीस पोरांचा पेलाभर दुधाचा रतीब, हेही त्याच मापानं मोजता येतं. त्या दुधावर पोरांच्या वह्या, दवाखाना, पेंडीची उधारी चालते. विकू नका म्हणणारा मी कोण? फक्त हिशेबाच्या वहीत ही बाजूही लिहिलेली असावी.

शेतातला बदल याहून मोठा आहे. आमच्या दूध-भाकरीतलं धान्य आणि दूध एकाच ताटातून येत असे. शाळू काढला, की कणीस माणसाला आणि कडबा जनावराला. मालदांडी ज्वारीचं वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवडलं गेलं आणि अजून ते टिकून आहे. त्याचा मोत्यासारखा टपोरा दाणा हे एक कारण, उंच आणि गोडसर कडबा हे दुसरं. कडब्याच्या गंजीवर म्हैस उन्हाळा काढी, तिचं दूध पुन्हा भाकरीवर येई. माणसाची आणि म्हशीची न्याहारी एकाच पेरणीत पेरलेली असे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आमच्या काळ्या रानात सोयाबीन पसरलं. शंभर-एकशेदहा दिवसांत हातात पैसा येतो, मागं हरभरा घेता येतो. ज्वारीला पाखरं राखायची, काढायची, खुडायची, मळायची. मजूर मिळत नाही आणि भाव हाती लागेल याचा भरवसा नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, मग ज्वारी करायची कुणासाठी? शेतकऱ्याचं गणित चुकीचं नाही. पण त्या गणितातून कडबा गेला, कडब्यासोबत दारातलं एखादं जनावर गेलं. बांध कोरून रुंद शेतं झाली तेव्हा बोरीही गेल्या. गंमत अशी, की सोयाबीनच्या दाण्यात अडतीस-चाळीस टक्के प्रथिनं असतात. आपल्या रानात पिकणाऱ्या कुठल्याही दाण्यात एवढी नाहीत. तो दाणा ट्रॉलीत भरून लातूरच्या बाजारात जातो, तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते. प्रथिनांनी भरलेला जिल्हा आपल्या पोरांना चहासोबत मैद्याचं बिस्किट देतो.

परकं आणि आपलं या भांडणाला इथं फार अर्थ उरत नाही. ज्वारी स्वतः आफ्रिकेतून आली, सुदानकडच्या रानातून, हजारो वर्षांपूर्वी. शेंगदाणा आणि ठेच्यातली मिरची या अमेरिकेच्या. आमच्या तेर गावाला तगर म्हणत तेव्हा तिथला माल भडोच बंदरातून समुद्रापार जाई, असं पहिल्या शतकातला एक ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो. माल येणं-जाणं ही या मातीची जुनी सवय. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे आणि तिच्या दुधाची चव त्यानं बदललेली नाही. ओट्स आले म्हणून बिघडत नाही. बिघडलं ते जे आपलं आपसूक जुळत होतं ते सुटलं म्हणून.

वर्षातून एक दिवस ते अजून पुरतं जुळतं. मार्गशीर्षातली वेळा अमावास्या, आमच्या बोलीत येळवस. लातूर-धाराशिवची गावं त्या दिवशी रिकामी होतात, सगळे शेतात. कडब्याच्या खोपीत पांडव मांडतात, पूजा होते आणि पंगत बसते. रात्रभर मुरलेलं, ज्वारीच्या पिठाचं ताकातलं आंबील मडक्यातून वाढतात. हिरवा हरभरा, तूर, वाल, वाटाणा आणि रानातल्या भाज्यांची भज्जी असते. बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. धान्य, डाळी, आंबवलेलं ताक, तीळ, हिरवं सगळं एका पानात येतं. आंबवल्यानं फायटेट कमी होतं हे पंगतीत कुणाला ठाऊक असायची गरज नसते. शिवाय घरात होत नाही ती एक गोष्ट या पंगतीत होते: बायका, गडी, वाटसरू सगळे त्याच भज्जीत वाटेकरी असतात. घरचं पान लहान आणि रांगेचं, शेतातली पंगत मोठी आणि बिनरांगेची. एक दिवस तरी न्याहारीचा न्याय होतो.

हा एक दिवस वर्षभर कसा पुरवायचा? त्याची एक वाट या जिल्ह्यातल्या बायकांनी काढली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामातून स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था इथं रुजली. पुढं दुष्काळाच्या वर्षांत तिच्यासोबतच्या बायकांनी घरच्यांकडं एक मागणी केली: सगळी जमीन नको, एक एकर आमच्या हातात द्या. तिथं काय पेरायचं ते आम्ही ठरवू. त्या एकरात सोयाबीन किंवा ऊस एकटा लावायचा नाही. ज्वारी-बाजरी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला अशी मिसळ लावायची, विकतचं खत-औषध टाळायचं, आधी घरात खायचं आणि उरलं तर बाजारात न्यायचं. या कामासाठी संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. मला पारितोषिकापेक्षा ती मागणी मोठी वाटते. पातेल्यात जे येईल ते वाढण्याचं काम बायकांकडं आधीपासून होतं. पातेल्यात काय यावं हे ठरवायला त्यांनी एक एकर मागितला. परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण दिलं. असं वाण अशा एकरात पडलं तर त्याचं लोह थेट घरातल्या बाईच्या रक्तापर्यंत पोचण्याची शक्यता आहे. बाजाराच्या रस्त्यानं गेलं, तर ते पुण्या-मुंबईत मिलेटच्या महाग पाकिटात दिसेल.

भाचीला मी ग्रॅनोला खाऊ नकोस म्हणणार नाही. हिंजवडीत खोलीवर राहणाऱ्या मुलीनं सकाळी उपाशी बाहेर पडण्यापेक्षा ही वाटी केव्हाही बरी. कमी साखरेचं पाकीट घे, नाहीतर ओट्स कोरडे भाजून शेंगदाणे आणि थोडा गूळ घरीच मिसळ, चहा तासभरानं पी, स्ट्रॉबेरी महाग झाली की पेरू चिर, एवढं मी तिला सांगितलं आहे. तिच्या वाटीत दूध आहे, फळ आहे, आणि ती वाटी तिची स्वतःची आहे. तिच्या पणजीला यातलं शेवटचं कधी मिळालं नाही.

आमच्या भागातल्या एखाद्या घराची न्याहारी कशी आहे हे मला कुणी विचारलं, तर मी पाकिटावरचा तक्ता आधी मागणार नाही. त्या घराचा सातबारा मागेन आणि त्यातल्या बारावर, पिकांच्या नोंदीत, ज्वारी, तूर, हरभरा यांतलं काही दिसतं की नुसतं सोयाबीन, ते बघेन. मग सातवर, मालकाच्या रकान्यात, बाईचं नाव आहे का ते बघेन. आणि शेवटी एवढंच विचारेन, की सकाळची धार निघाल्यावर दूध आधी डेअरीच्या कॅनमध्ये पडतं की घरातल्या पोरीच्या वाटीत.